ठिपके मोजून टीव्ही घेऊ नये

पन्नास-साठ हजार रुपये बाजूला काढून मोठा टीव्ही घ्यायला निघालेल्या घराला दुकानात सगळ्यात आधी ऐकवलं जातं ते ‘फोर-के’. खोक्यावर ते ठळक छापलेलं असतं आणि विक्रेता त्यावरच बोट ठेवून बोलायला सुरुवात करतो. पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके, म्हणजे एकूण जवळपास ८३ लाख. जुन्या फुल एचडीच्या बरोबर चौपट. माहिती खरी आहे, पण निवड करायला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. ५५ इंचांचा टीव्ही पस्तीस हजारांचा असो की दीड लाखाचा, ठिपके दोन्हीवर तेवढेच असतात. ज्या आकड्यात फरकच नाही त्यावरून डावं-उजवं ठरणार कसं? त्या दोन टीव्हींच्या किमतीत लाखभराचं अंतर कशामुळे पडतं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतांशी उजेडात आहे. पडदा किती उजेड फेकतो, तो कुठे फेकतो आणि जिथे नको तिथे किती नेमका अडवतो, यावर किंमत चढते. मध्यम बजेटचा पैसा त्यावर खर्च व्हावा, असं माझं म्हणणं आहे. ठिपके आता फुकटच मिळतात.

आधी ठिपक्यांचाच हिशेब पुरा करू. डोळ्यांचे डॉक्टर जिला ६/६ म्हणतात ती नजर साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखते. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. तो फुल एचडी असता तर त्यावरचा एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा झाला असता. सात फुटांच्या जरा पुढे गेलं, की अशा नजरेला असे शेजारचे दोन ठिपके वेगळे दिसेनासे होतात. फोर-केचा ठिपका याच्या निम्मा, म्हणून त्याचा सगळा बारकावा पदरात पाडून घ्यायचा तर पडद्यापासून साडेतीन फुटांवर बसायला हवं. आता आपल्या शहरांतल्या फ्लॅटचा हॉल घ्या. रुंदी दहा फूट धरली आणि सोफा एका भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीला असला, तर बघणाऱ्याचे डोळे आणि पडदा यांच्यात आठएक फूट उरतात. तिथून ५५ इंचांवर फुल एचडी आणि फोर-के यांतला निव्वळ ठिपक्यांचा फरक बहुतेकांना कळणार नाही. ६५ इंचांवर तो नुकता कुठे कळू लागतो. तरुण, तल्लख डोळे ६/६ पेक्षा थोडं जास्त पाहू शकतात आणि अक्षरांच्या कडांतला वाकडेपणा नजर ठिपक्याहूनही बारीक टिपते, हे मान्य. म्हणून फोर-के निरुपयोगी आहे असं नाही. शिवाय या आकारात फुल एचडी आता बाजारात जवळपास उरलेलाच नाही, तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटलाय. पण सुटलेल्या प्रश्नावर पैसे का घालवायचे? ८-केबद्दल तर एवढंच पुरे, की त्यात ३ कोटी ३१ लाख ठिपके असतात आणि त्यांचा फायदा दिसायला पडद्याला जवळजवळ नाक लावावं लागेल.

याच अंतरातून पडद्याचा आकारही ठरवता येतो, आणि तिथे मात्र कंजूषी करू नये. सिनेमा आणि टीव्हीच्या अभियंत्यांची एसएमपीटीई ही अमेरिकन संस्था पडद्याने नजरेचा साधारण तीस अंशांचा कोन व्यापावा असं सुचवते. म्हणजे बसायचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट. आठ फुटांवरून ४३ इंची पडदा २२ अंश व्यापतो, ५५ इंची २८ आणि ६५ इंची ३३. ‘एवढ्याशा हॉलला एवढा मोठा टीव्ही?’ ही घरोघरी उठणारी शंका जुन्या, जाडजूड काचेच्या टीव्हीच्या काळातली आहे. त्या चित्रात रेषा दिसायच्या, म्हणून लांब बसावं लागे. आता ते कारण उरलेलं नाही. ४३ वरून ५५ वर गेलं, तर पडद्याचं क्षेत्रफळ ६४ टक्क्यांनी वाढतं, आणि ही वाढ चष्मा लावणाऱ्या आजीलाही दिसते. ५५ आणि ६५ हे आकडे कंपन्यांनी लहरीने निवडलेले नाहीत. एलसीडी पॅनेल प्रचंड काचेच्या तावांतून कापली जातात. साडेआठव्या पिढीच्या कारखान्यातला ताव २.२ मीटर गुणिले २.५ मीटर असतो आणि त्यातून ५५ इंचांची सहा पॅनेल जवळपास कचरा न होता निघतात. साडेदहाव्या पिढीचा ताव सुमारे २.९४ गुणिले ३.३७ मीटरचा, त्यातून ६५ इंचांची आठ किंवा ७५ इंचांची सहा निघतात. चीनच्या बीओई कंपनीचा हफे शहरातला अशा तावांचा कारखाना २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, मग इतरांचेही आले, आणि एकेकाळी श्रीमंतांचा मानला जाणारा ६५ इंची पडदा मध्यमवर्गाच्या आवाक्यात उतरला. आपल्याकडे ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागला.

मोठ्या पडद्यावर एक आक्षेप मात्र रास्त आहे. साध्या केबलवरची मालिका त्यावर भुरकट, पसरट दिसते. एसडी वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के पडद्यावर ठिपके त्याच्या बरोबर वीस पट. म्हणजे बाहेरून आलेल्या एका ठिपक्यामागे एकोणीस ठिपके टीव्हीची चिप अंदाजाने रंगवते. हा अंदाज कोणाचा चांगला, कोणाचा ढोबळ. महागड्या टीव्हीचा थोडाफार पैसा इथेही जातो, आणि नावाजलेल्या कंपन्यांचा हात यात अजून वरचढ आहे. पण इथे उपाय टीव्हीत शोधण्यापेक्षा सेट टॉप बॉक्समध्ये शोधावा. आवडीच्या चार वाहिन्या एचडीत घेतल्या, तर महिन्याला थोडेच रुपये जास्त जातात आणि चित्र जेवढं सुधारतं तेवढं दहा हजार जास्त मोजून घेतलेल्या टीव्हीनेही सुधारणार नाही. खरं फोर-के चित्र आजही मुख्यतः इंटरनेटवरून येतं. नेटफ्लिक्स ते फक्त आपल्या सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये देतं आणि त्यासाठी १५ एमबीपीएस वेग लागतो असं सांगतं. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फोर-केमध्ये दाखवली गेली. तेव्हा सामग्रीच नाही असं आता म्हणता येत नाही, पण घरात टीव्ही चालू असतो त्यातले बहुतेक तास अजून एचडी आणि एसडीचेच आहेत.

आता उजेडाकडे येऊ. दुकानात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात तो खरं तर एलसीडी टीव्हीच असतो. एलईडी हे फक्त त्याच्या पाठीमागचे दिवे. मागे पांढरा किंवा निळा उजेड सतत जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे उघडझाप करून तो कुठे जाऊ द्यायचा, कुठे अडवायचा ते ठरवतात. पण झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून प्रकाश झिरपतोच. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये पूर्ण पांढऱ्याच्या साधारण हजाराव्या भागाइतका उजेड काळ्यातूनही बाहेर पडतो, तर व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये हाच भाग तीन ते पाच हजारावा असतो. कागदावर हे आकडे कोरडे वाटतात, पण रात्री दिवे मालवून सिनेमा लावला की एका पॅनेलवर आकाश काळं दिसतं आणि दुसऱ्यावर राखाडी. त्या राखाडीमुळे चेहऱ्यावरच्या सावल्या, काळ्या कोटाच्या चुण्या, पावसातला रस्ता हे सगळं एकमेकांत मिसळून सपाट होतं. चित्र ‘खोल’ वाटतं की नाही हे ठिपक्यांपेक्षा या गुणोत्तरावर कितीतरी जास्त अवलंबून असतं, आणि नेमकी हीच गोष्ट खोक्यावर छापलेली नसते. पॅनेल कोणतं ते कंपन्या सहसा सांगत नाहीत. कधी कधी एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेल बसवलेली असतात. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे टीव्हीच्या बाजूला जाऊन उभं राहणं. बाजूने रंग फिके, धुतल्यासारखे झाले तर बहुधा व्हीए; जसेच्या तसे राहिले तर बहुधा आयपीएस किंवा त्याचं भावंड.

पॅनेल निवडलं की पाठीमागचे दिवे. स्वस्त टीव्हीत ते एकतर कडेला असतात किंवा मागे पसरलेले असतात, पण सगळे एकदमच कमी-जास्त होतात. पडद्याच्या एका कोपऱ्यात चंद्र असेल तर उरलेल्या काळ्या आकाशामागचे दिवेही तेवढेच पेटलेले. याच्या पुढची पायरी म्हणजे दिव्यांचे गट पाडून प्रत्येक गट वेगळा मंद करणं, ज्याला फुल ॲरे लोकल डिमिंग म्हणतात. यातल्या साध्या टीव्हीत असे गट काही डझन असतात. मिनी एलईडीत दिवे अगदी बारीक आणि गट शेकड्यांनी. गट जितके जास्त, तितका काळा भाग खरोखर काळा आणि चकाकता भाग खरोखर चकाकता. थोडे गट असले, तर काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं. तो दोष खरा आहे, तरी सरसकट राखाडीपेक्षा मी तो पत्करेन. इथे शब्दांवर लक्ष ठेवावं लागतं. नावात कुठेतरी ‘डिमिंग’ आहे, पण प्रत्यक्षात दिव्यांना हातही न लावता सॉफ्टवेअर फक्त चित्र गडद करतं, असेही टीव्ही विकले जातात. ‘गट किती?’ एवढंच विचारावं. उत्तरात आकडा आला नाही तर गट नाहीतच असं धरून चालावं.

क्यूएलईडी या नावाने तर भल्याभल्यांची दिशाभूल होते, कारण ते ओएलईडी या वेगळ्याच, महागड्या तंत्रासारखं ऐकू येतं. त्यातलं विज्ञान अस्सल आहे: क्वांटम डॉट शोधणाऱ्या आणि घडवणाऱ्या माउंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सेई एकिमोव्ह या तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या दिव्यांवर या अतिसूक्ष्म स्फटिकांचा एक पापुद्रा बसवला की ते आपापल्या आकारमानानुसार शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा रंग देतात. त्यामुळे रंगांची कक्षा रुंदावते. पण पुढे तेच एलसीडी, त्याच झडपा आणि तीच गळती. गट नसलेला क्यूएलईडी रात्री तेवढाच राखाडी दिसतो, फक्त त्याची फुलं जास्त लाल. म्हणून गटवार दिवे असलेला टीव्ही आणि गट नसलेला क्यूएलईडी एकाच किमतीला मिळत असतील तर मी पहिला घेईन. मिनी एलईडीत बहुधा दोन्ही एकत्र येतं, आणि ५५ इंचांत तो हळूहळू या बजेटच्या वरच्या टोकाला टेकू लागला आहे. मोठी सवलत पदरात पडली तर तोच घ्यावा.

एचडीआर, म्हणजे अंधारापासून झगमगाटापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र, त्याचं गणितही उजेडाचंच आहे. ‘एचडीआर १०’ ही पाटी एवढंच सांगते की अशा चित्राचा संदेश टीव्हीला वाचता येतो. तो दाखवता येतो की नाही याबद्दल ती गप्प असते. एचडीआर चित्रपट बहुतेक वेळा १,००० निट्सपर्यंतचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड गृहीत धरून तयार केलेले असतात. यूएचडी अलायन्स या उद्योगसंघाने २०१६ मध्ये आपलं प्रीमियम मानक ठरवलं, त्यात एलसीडीसाठी किमान १,००० निट्स आणि काळ्यासाठी कमाल ०.०५ निट्स अशी अट होती. आपल्या बजेटच्या खालच्या टोकाचे टीव्ही २५० ते ३५० निट्सवरच दमतात. मग त्यांना सगळं चित्र दाबून आपल्या कुवतीत बसवावं लागतं, आणि ‘एचडीआर लावलं की सिनेमा अंधारा दिसतो’ ही तक्रार तिथूनच जन्मते. ६०० निट्स आणि गटवार दिवे असतील तर त्या पाटीला थोडा अर्थ येतो. खोक्यावर निट्स सहसा नसतात. यंत्राने मोजून आकडे देणारी परीक्षणं शोधावी लागतात, आणि तिथेही मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवून पाहावा, कारण अमेरिकेत आणि भारतात एकाच नावाखाली वेगळा माल असू शकतो.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा: आमच्याकडे दिवे मालवून कोण बघतं? संध्याकाळी ट्यूबलाइट चालू, दुपारी मॅच लागली तर बाल्कनीचं दार उघडं. काळा किती काळा याचं आम्हाला काय? मुद्दा बिनतोड आहे. उजळ खोलीत पडद्यावरचं प्रतिबिंबच इतकं असतं की गळतीतला फरक त्यात बुडून जातो. पण मग जास्त निट्स आणि कमी चकाकणारा पडदा याची गरज उलट वाढते. म्हणजे प्रश्न पुन्हा उजेडाचाच. फक्त अडवण्याऐवजी फेकण्याचा. दुसरा प्रतिवाद बसण्याच्या जागेचा. सोफा समोर, दोन खुर्च्या कडेला आणि कुणीतरी जेवणाच्या टेबलावरून बघणारं, अशा घरात व्हीए पॅनेल कडेच्यांवर अन्याय करतं. तिथे मी आयपीएसकडे झुकेन, काळ्याची किंमत मोजून. पण ती किंमत आपण मोजतो आहोत हे माहीत असावं. तिसरा प्रतिवाद थोडं थांबून ओएलईडी घेण्याचा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा पूर्ण काळा आणि कडेनेही चित्र शाबूत. अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही. मात्र ५५ इंचांत तो अजून लाखाच्या आसपास घुटमळतो, भर उन्हातल्या हॉलमध्ये चांगला मिनी एलईडी त्याच्या तोडीस तोड ठरतो, आणि ज्या घरात एकच वृत्तवाहिनी दिवसभर लागलेली असते तिथे खालच्या पट्टीचा डाग कायमचा उमटण्याची धास्ती राहते.

हर्ट्झबद्दल, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याबद्दल, थोडक्यात. ‘मोशन रेट’ वगैरे नावाखाली छापलेला आकडा सोडून द्यावा आणि पॅनेल मुळात ६० हर्ट्झचं आहे की १२० चं एवढंच विचारावं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. २४ ने १२० ला पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून स्वस्त टीव्हीवर कॅमेरा सावकाश फिरताना चित्र किंचित अडखळतं. गेम खेळणारं कुणी घरात नसेल तर यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. असेल, तर एचडीएमआय २.१ या नुसत्या नावावर न जाता फोर-के १२० हर्ट्झ खरोखर चालतं का ते पाहावं. टीव्हीतल्या ॲपवाल्या सॉफ्टवेअरची फार चिकित्सा नको. ते काही वर्षांत जुनं होतंच, आणि तेव्हा तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक ती उणीव भरून काढते. पाठीमागचे दिवे मात्र नंतर बाहेरून जोडता येत नाहीत. आवाजही बाहेरून जोडता येतो. पातळ टीव्हीत चांगल्या स्पीकरला जागाच नसते, म्हणून साउंडबारसाठी पाच-सात हजार वेगळे ठेवलेले बरे.

दुकानात भिंतीवर ओळीने टांगलेले टीव्ही फसवे असतात. ते सगळे डेमो मोडमध्ये, रंग भडक करून, फुलं, पोपट आणि समुद्रकिनारे दाखवत असतात, कारण त्या झगमगाटात वाईट टीव्हीही उठून दिसतो. विक्रेत्याला चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करायला सांगावं आणि पेन ड्राइव्हवर नेलेला रात्रीचा प्रसंग, शक्यतो पांढऱ्या सबटायटलसकट, लावून पाहावा. मग एखाद्या क्रिकेट सामन्याची चित्रफीत: हिरव्या मैदानावरून कॅमेरा सरकताना पडद्यावर उभे मळकट पट्टे दिसतात का ते तपासावं. दिव्यांची मांडणी असमान असली की ते दिसतात, आणि चेंडूमागे धावणाऱ्या कॅमेऱ्यासोबत ते षटकागणिक डोळ्यांत खुपतात. टीव्ही घरी आल्यावरही हीच तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकावी, बदलून देण्याची मुदत संपण्याआधी.

आणि दुकानातला तो भडक मोड घरी तसाच ठेवू नये. त्यात पाठीमागचे दिवे कायम शंभर टक्क्यांवर चालतात आणि तापतात. वॉरंटी संपल्यावर ‘आवाज येतो, चित्र नाही’ असं म्हणत दुरुस्तीला येणाऱ्या एलसीडी टीव्हींत बऱ्याचदा याच दिव्यांची पट्टी गेलेली असते. पट्टी बदलणं काही हजारांत भागतं. ती काढताना वरचं पॅनेल तडकलं तर मात्र दुरुस्तीचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा होतो. तेव्हा बॅकलाइट सत्तर टक्क्यांपर्यंत खाली आणावा, आणि रात्रीसाठी त्याहूनही कमी.